काळी तुटली, पांढरी ढासळली

खानदेशात सरदार-देशमुखांच्या राहत्या घराला गढी म्हणतात, वाडा म्हणतात आणि भोवतीचा तट मोठा असेल तर कोटही म्हणतात. गढी उंचवट्यावर असते. तिचे बुरूज खाली दगडाचे आणि वर मातीचे असतात. वाडा गावाच्या आळीतच असतो, रस्त्याकडे पाठ करून. कोट म्हणजे भुईकोट. त्याला खंदक असतो आणि आत एका घराण्याचा सगळा संसार. इंग्लंडातल्या उमरावांच्या ग्रामीण प्रासादांशी तुलना करायची तर ती या तिघांशीच करावी लागते. मात्र इंग्रजी प्रासाद आपल्या कुरणांच्या मधोमध एकटा उभा असतो. खानदेशी गढीच्या तटाला लागून तेल्याचे, सुताराचे, कुंभाराचे घर असते.

गावगाड्याच्या भाषेत पिकती जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. मोठे घर पांढरीवर उभे असते, पण जगते काळीवर. खानदेशातली घरे का पडली याचे उत्तर बहुतेक वेळा ‘वारसांनी लक्ष दिले नाही’ असे मिळते. ते उत्तर अपुरे आहे. पांढरीवरची भिंत ढासळण्याच्या किती तरी आधी तिची काळीशी असलेली गाठ सुटलेली असते. संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत ही गाठ कुठेच नोंदवलेली नसते, म्हणून त्या यादीतून घरे वाचत नाहीत, वाचतात त्या तटबंद्या.

ही घरे अशी बंदिस्त का झाली, हे या मुलखाच्या इतिहासात आहे. फारुकी राजवट १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर संपली. पुढे मोगल आले, मग निजाम, आणि १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेशचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. तापीच्या खोऱ्यातून दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक फौजेची वाट इथूनच जात होती. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या प्रदेशातून गेल्या, त्यामागोमाग दुष्काळ आला, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे पेंढाऱ्यांची. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरच्या पट्ट्यात दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि डोंगरापलीकडे निजामाचा मुलूख. घाट उतरून यायचे, लुटायचे आणि हद्द ओलांडून परत जायचे, हे लुटारूंना सोयीचे होते. अशा ठिकाणी बाहेरच्या भिंतीत खिडकी ठेवणे म्हणजे चोराला पायरी देणे. त्यामुळे घराचे सगळे तोंड आत, चौकाकडे वळले.

इंग्लंडात याच्या अगदी उलट घडले. १५९० च्या दशकात डर्बीशायरमध्ये बांधलेला हार्डविक हॉल त्याच्या प्रचंड काचेच्या खिडक्यांसाठी ओळखला जातो. मालकिणीची श्रीमंती दुरूनच दिसावी, म्हणून त्या खिडक्या. त्याच सुमारास जामनेरच्या दक्षिणेला, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा इथे लखुजी जाधवांचा राजवाडा होता. १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म तिथला. त्याचे भव्य प्रवेशद्वार आजही पाहणाऱ्याला थांबवते, पण ते वैभव दाखवण्याइतकेच अडवण्यासाठीही आहे. काच आणि तट यांतला हा फरक अभिरुचीचा नव्हे. एका देशात उमरावांना तटबंदीची गरज संपत आली होती, दुसऱ्यात ती अजून दोनशे वर्षे राहणार होती.

वाड्याच्या आत शिरताना आधी मोठा दरवाजा, आणि त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. मोठा दरवाजा हत्ती, पालखी, वरात यांच्यासाठी. रोजची ये-जा दिंडीतून. मग देवडी, तिच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे. मग पहिला चौक, तिथे कारभार चालतो. ओसरीवर कारकुनांची बैठक, वर दिवाणखाना. दुसऱ्या चौकात बायकांचा वावर, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, विहीर किंवा आड. जमिनीखाली धान्याची पेवे, भिंतींच्या पोटात बळदे. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे त्याचे मूळ ओलीत जात नाही. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर खांडे, खांडांवर किलचण आणि सर्वांत वर हात-दीड हात मातीचे धाबे. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या बराच वर जाणाऱ्या या प्रदेशात एवढ्या मातीखाली दुपार सुसह्य होते.

हे धाबेच वाड्याचे आयुष्य ठरवते. दर वर्षी मृग लागण्याआधी त्यावर नवी माती टाकावी लागते, ती चोपावी लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. वतनदाराच्या घरी या कामाला बलुतेदार येत, महार-मांगांना वेठीने यावे लागे, आणि सुतार वर्षातून एकदा सगळ्या तुळया ठोकून पाहत असे. काम वाड्याचे आणि मजुरी गावाची, असा तो हिशेब होता. एक वर्ष माती पडली नाही की पाणी धाब्यातून भिंतीत उतरते आणि भिंतीत रोवलेले तुळईचे टोक ओले राहते. उधई लागते ती तिथेच, डोळ्याआड. तुळई मधोमध शाबूत दिसत असते. टोक पोकळ झालेले असते. चार-पाच पावसाळ्यांत खण खाली येतो. एवढा मोठा वाडा ‘अचानक’ कोसळला असे म्हणतात तेव्हा अचानक काहीच घडलेले नसते.

घराण्याची काळी तुटण्याची सुरुवात १८१८ पासून झाली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख कंपनी सरकारला दिला. २७ फेब्रुवारीला थाळनेरचा कोट पडला; तिथल्या किल्लेदाराला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने फासावर चढवले आणि शिबंदीची कत्तल झाली. इतर किल्लेदारांना दिलेला हा इशारा होता, तरी मालेगावने तो मनावर घेतला नाही. मालेगावचा भुईकोट नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला होता, मोसम नदीच्या काठी. मे-जून १८१८ मध्ये अरब शिबंदीने तो जवळजवळ चार आठवडे लढवला. खानदेशातल्या एका सरदाराच्या घराने आपले बांधकाम पूर्णपणे कसाला लावण्याचा हा बहुधा शेवटचा प्रसंग. त्यानंतर खंदकाला कामच उरले नाही.

पारोळ्याची कथा अधिक गुंतागुंतीची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड १८८० मध्ये निघाला. त्यातल्या नोंदीप्रमाणे पारोळ्याचा कोट १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला आणि पन्नासेक घरांच्या खेड्याचे तटबंद शहर केले. झाशीच्या नेवाळकरांचे नाते या घराण्याशी होते. त्यामुळेच आज पारोळ्यात कोणालाही विचारले तर कोटाची ओळख राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने होते, बांधणाऱ्याच्या नावाने नव्हे. खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज. धुळे हे त्याने आपले मुख्य ठाणे केले. त्याच्याविरुद्धच्या १८२१ मधल्या कटात जहागीरदारांवर संशय आला आणि शहरावरचा त्यांचा हक्क गेला. १८५७ च्या उठावानंतर कोटही जप्त झाला, तटबंदी मोडण्यात आली. आधी काळी काढून घेतली, मग पांढरी. मधे पस्तीस-एक वर्षांचे अंतर. या काळात त्या घरात दुरुस्तीला हात कुठून लागणार होता?

बंड न करणाऱ्यांची काळीही टिकली नाही, फक्त ती कागदाने गेली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनद दाखवा नाहीतर इनाम सोडा, असा तगादा सुरू झाला. सनदा उधईने खाल्लेल्या, कुठे जळालेल्या, कुठे भाऊबंदकीत लपवलेल्या. रयतवारीत सरकारने सारा थेट कुणब्याकडून घ्यायला सुरुवात केल्यावर देशमुखाची मधली जागा नामधारी झाली. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, रेल्वे आली, जळगाव-भुसावळ वाढले. पैसा आला खरा, पण तो जिनिंग-प्रेसमध्ये आणि पेठेतल्या हवेल्यांत गेला. पुढे पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची गाडी सुरू झाली, तीसुद्धा कापसाच्या आणि बाजाराच्या ओढीने. गढी त्या वाटेवर नव्हती.

शेवटचे घाव स्वातंत्र्यानंतरचे. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली, व्यक्तिगत इनामे १९५३ मध्ये. १ एप्रिल १९५७ हा कुळ कायद्यातला कृषक दिन; त्या दिवशी कसणारी कुळे मालक मानली गेली. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. दहा वर्षांत वाड्याची काळी जवळजवळ पूर्ण उतरली. हे कायदे चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. ज्याच्या घामावर वाडा उभा होता त्याला जमीन मिळाली. पण एका हाताने जमीन घेताना त्या जमिनीवर पोसलेल्या घराचे काय करायचे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही, तसा घरवाल्यांनीही केला नाही. घरवाले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेले.

याच्या जोडीला वाटणी. हिंदू एकत्र कुटुंबात मिताक्षरेप्रमाणे मुलाला जन्मतःच हिस्सा असतो. जमीन वाटता येते. चौक वाटता येत नाही, तरी वाटला जातो. माजघराच्या मधून भिंत उभी राहते, एकाला जिना मिळतो आणि दुसऱ्याला जिना जिथे पोचतो ती माडी. आड सामाईक राहतो, म्हणून त्याचा गाळ कोणीच काढत नाही. धाब्याची माती ज्याने त्याने आपापल्या खणापुरती टाकायची. शेजारचा खण रिकामा असला की पाणी तिकडून येते. तीन पिढ्यांत सोळा हिस्सेदार झाले की दुरुस्तीला सोळा सह्या लागतात. त्यातल्या चौघांचे पत्ते कोणाजवळ नसतात. इंग्लंडात १९२५ पर्यंत जमीन-जुमला मृत्युपत्राशिवायही थोरल्या मुलाकडेच जात असे, आणि घराण्याची मालमत्ता बांधून ठेवण्याची कायदेशीर सोय त्याआधी शतकानुशतके होती. धाकट्यांवर तो अन्याय होता. घराच्या छपराला मात्र तो मानवला.

तरीही इंग्रजी घरांचा इतिहास हा अखंड वैभवाचा नाही, हे मराठी वाचकाला बरेचदा माहीत नसते. १८९४ मध्ये वारसा कर वाढला, शेतीचे उत्पन्न घसरले, पहिल्या महायुद्धात वारस आणि नोकर दोन्ही गेले. विसाव्या शतकात तिथे हजाराहून अधिक मोठी घरे पाडली गेली. कित्येकांचे दगड, दारे, लाकडी तावदाने लिलावात विकली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ मध्ये या विनाशावरच प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे लोक हादरले. १९३७ च्या कायद्याने वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला घरे ताब्यात घेण्याचा मार्ग मोकळा झाला होता; १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी वास्तूंची श्रेणीवार यादी सुरू केली. हार्डविक हॉलचेच घ्या. त्याचे मालक, डेव्हनशायरचे दहावे ड्यूक, १९५० मध्ये वारले आणि वारसांवर ऐंशी टक्के कर बसला. त्या कराच्या बदल्यात हार्डविक सरकारकडे गेला आणि तिथून १९५९ मध्ये ट्रस्टकडे. मुख्य घर चॅट्सवर्थ मात्र घराण्याने राखले.

यातली कळीची गोष्ट यादी नाही. ट्रस्ट नुसते घर घेत नाही. घरासोबत देखभालीपुरता निधी किंवा उत्पन्नाची जमीन मागतो, आणि तो नसेल तर बरेचदा नकार देतो. म्हणजे तिथेही पांढरीबरोबर काळी जोडून घ्यावी लागते. आपल्याकडे अशी जोड मंदिरांना लाभते. जामनेर तालुक्यात शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या मंदिराचा रथ कार्तिकात निघतो, पंचक्रोशीतून माणसे येतात आणि मंदिराचा कळस रंगतो. मंदिराला इनाम उरले नसेल, पण यात्रा आहे. वाड्याला यात्रा नसते.

आपल्याकडची यादी वेगळ्या हेतूने जन्मली. १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लॉर्ड कर्झनच्या काळातला, आणि त्याची नजर लेणी, मशिदी, मंदिरे, किल्ले यांवर. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा त्याच वळणावर गेले. ज्या वास्तूत माणसे राहत आहेत, चुली पेटत आहेत, त्या वास्तूला या कायद्यांत नीट जागा नाही. मुंबईने १९९५ मध्ये श्रेणीवार वारसा नियमावली केली. तिथे राहती खासगी घरेही यादीत आली. पण अशा यादीचा भर प्रामुख्याने महानगरांत राहिला. तालुक्याच्या गावातला सातपिढ्यांचा वाडा सरकारी दृष्टीने एक जुने, मोडकळीला आलेले घर असतो, आणि नगरपालिकेची त्याला येणारी एकमेव नोटीस धोकादायक इमारतीची असते.

जे यादीत आले ते कशामुळे आले, हेही बोलके आहे. सिंदखेड राजाचा राजवाडा राज्य संरक्षित आहे, जिजाऊंमुळे. पारोळ्याचा कोट संरक्षित आहे, तट आणि झाशीच्या राणीचे नाव यांमुळे. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, त्याचे कोरीव खांब आणि भिंतींवरची चित्रे, लोकांच्या लक्षात राहिला तो अहिल्याबाईंमुळे. मालेगाव १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत खानदेशातच गणले जाई; चांदवड त्याच्या शेजारचेच. ज्या घराण्याला अशी थोर स्त्री किंवा लढाई लाभली नाही, त्याचे घर यादीपर्यंत पोचलेच नाही. घर म्हणून घराची किंमत कोणी केली नाही. पारोळ्यातही मोडतोडीतून उरलेला तट उभा आहे. जहागीरदार कुठे जेवत, दप्तर कुठे ठेवत, दासी कुठे झोपत, हे दाखवू शकणारी आतली रचना गेली आहे.

शिवाय यादीत येणे म्हणजे शेजाऱ्यांवर बंधने. केंद्र संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रित, असे २०१० च्या दुरुस्तीने पक्के झाले. इंग्लंडातल्या प्रासादाभोवती शंभर मीटरपर्यंत हिरवळ असते. खानदेशात तेवढ्यात दीडशे घरे बसतात. तटाला लागून राहणाऱ्या सुताराला वर एक खोली काढता येत नाही. अशा माणसाने संरक्षणाच्या पाटीकडे रागाने पाहिले तर त्याला वारशाची जाण नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

यादीबाहेरच्या गढ्या गावाने वापरून टाकल्या. गढीची पांढरी माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भिंत, राख, शेण यांची कुजलेली रास. घर सारवायला ती चांगली, शेतात खत म्हणून चांगली. बैलगाड्यांनी आणि पुढे ट्रॅक्टरने ती गेली, आणि बुरूज सुटे पडले. गिरणाकाठी बहाळला १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने असेच पांढरीचे टेकाड खणले, तेव्हा त्यातून ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. टेकाड तीन हजार वर्षांचे असेल तर त्यातले प्रत्येक खापर मोजले जाते. तीनशे वर्षांचे असेल तर ते ट्रॉलीने मोजले जाते. सागवानाचे गिऱ्हाईक मात्र दूरचे. कोरीव चौकट, हस्त, झुल्याच्या कड्या शहरातल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून हॉटेलांच्या भिंतींवर. गावात उरतो तो तळखडा, कारण तो जड असतो. बहुतेक वेळा त्यावर धुणे आपटलेले दिसते.

वाड्यातली सर्वांत मोलाची वस्तू लाकूड नव्हतीच, दप्तर होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या साधन-खंडांतला पहिला १८९८ मध्ये निघाला, तो वाईच्या एका घरात सापडलेल्या कागदांवर. पुढे ते गावोगावच्या वाड्यांतून रुमाल गोळा करत फिरले. कुठे कागद मिळाले, कुठे ते बंबात घातल्याचे कळले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांचा संग्रह तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात राहिला. भिंती पडल्या तरी त्या घरांचे जमाखर्च, वाटण्यांचे तंटे, पेवांतल्या धान्याच्या याद्या अशाच ठिकाणी वाचता येतात.

एक आक्षेप उरतो. वेठीवर उभे राहिलेले घर पडले तर गावाने हळहळायचे कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो इंग्लंडातही उठला. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या ९३ स्थळांचा वसाहतवादाशी किंवा गुलामगिरीशी कसा संबंध होता ते अहवालाने जाहीर केले. त्यात हिंदुस्थानातून गेलेला कंपनीचा पैसाही होता. त्यावरून तिथे मोठा वाद झाला. पण तो अहवाल लिहिता आला, कारण घरे आणि त्यांचे हिशेब दोन्ही शिल्लक होते. खानदेशातली गढी मातीत गेली की तिच्याबरोबर वेठीची खूणही जाते. महाराने दिंडीच्या बाहेर कुठवर उभे राहायचे, हे देवडी पाहूनच कळते.

म्हणून खानदेशसाठी यादी करायची तर तिचा विषय तट नको, घर हवे. किती खण, किती चौक, धाबे की कौले, मालकी किती हिश्श्यांत, दप्तर कुठे, दुरुस्तीला उत्पन्न कशाचे. यातला शेवटचा रकाना रिकामा राहिला तर आधीचे सगळे रकाने फक्त आठवण म्हणून उरतील. मालेगावच्या भुईकोटात आज शाळा भरते. वारसा-तज्ज्ञांच्या दृष्टीने हा आदर्श वापर नसेल. नव्या वर्गखोल्या, रंग, पत्रे यांनी मूळ रूप बिघडते हे खरेच. तरी तिथे दरवाजा रोज उघडतो, गळती लागली की कोणाच्या तरी डोक्यावर पडते आणि तक्रार होते.

बाकीच्या घरांची यादी नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकांवर आधीच तयार आहे. तिथे वाड्याचा एकच क्रमांक पोटविभागांत फुटत जातो, प्रत्येक पोटविभागापुढे वारसांची नावे वाढत जातात, आणि ज्या तुकड्यावर आता भिंत नाही त्याचे वर्णन खरेदीखतात एका शब्दात येते: बखळ.